लूम चालू ठेवून दोन्ही बाजू

मध्यंतरी फोनवर एक यादी फिरत आली होती. एका बैठकीत, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मधलं एकही न गाळता ऐकाव्यात अशा रेकॉर्डींची. खाली दमही दिला होता: सुई एकदा ठेवली की बाजू संपेपर्यंत हात लावायचा नाही. मला हसू आलं आणि थोडा रागही आला. तुमच्या गावात सुई ठेवून गप्प बसणं सोपं असेल हो. आमच्या भिवंडीत सुई स्वतःच गप्प बसत नाही, तिला काय करायचं?

आमच्या घरात लाँगप्ले रेकॉर्ड एकच. मी शाळेत जायच्या आधीपासून ती घरात आहे आणि आता मला नातू झालाय. एवढ्या वर्षांत ती कितीदा लावली असेल त्याची गणती नाही. पण सबंध ती कुणीच ऐकली नव्हती. मी नाही, आईनं नाही, आणि जे हौसेनं मुंबईहून ती घेऊन आले त्या बाबांनीही नाही. त्याला कारण आमच्या घराची मागची भिंत.

भिंतीच्या अलीकडे घर, पलीकडे लूमची शेड. शेड बाबांचीच. आमच्या आधीच्या पिढ्या खाडीकाठी भात लावणाऱ्या. बाबांनी शेती सोडून लूम टाकले. ज्यांनी लूम पाहिला नसेल त्यांना सांगते, ते एक लोखंडी धूड असतं. त्यात आडवा धागा नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो आणि परत फेकला जातो, थांबतच नाही. अख्खी शेड चालू असली की आवाज कानाला लागतोच, पण त्याहून जास्त तो पायाला लागतो. आमची फरशी कायम थरथरते. ताटल्या आपोआप पुढे सरकतात, म्हणून आमच्याकडच्या मांडणीला समोरून लाकडाची पट्टी ठोकलेली असते. पाहुणे आमच्याकडे आले की त्यांना झोप लागत नाही, आणि आम्ही पाहुण्यांकडे गेलो की आम्हाला.

आता अशा फरशीवर टेबल ठेवा, टेबलावर प्लेअर ठेवा, आणि त्यावर ती काडीएवढी सुई. उडणार नाही तर काय करणार?

लूम बंद असतील तेव्हा ऐकायचं की, असं कुणीही म्हणेल. आम्हालाही ते सुचलं होतं. लूम रात्रंदिवस चालायचे, बंद फक्त शुक्रवारी असायचे. पण ते बंद असायचे कारण शुक्रवारी आमच्या भागाची वीजच बंद असायची. लूम गप आणि प्लेअरही गप. वीज आली की दोघं एकदम जागे. कुणी बसून ठरवलं असतं तरी इतकं बेमालूम जमलं नसतं.

मग अधल्यामधल्या वारी पाऊण तास लूम थांबवायचे? आईनं लग्न झाल्या झाल्या एकदा विचारलं होतं. बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, म्हणे, की तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. त्याचंही कारण आहे. विणता विणता लूम मध्येच थांबवला आणि पुन्हा सुरू केला, की त्या जागी कापडात एक आडवी रेघ येते. आमच्याकडे तिला पट्टी म्हणतात. उजेडात धरलं की ती दिसतेच. बाबांचा सगळा रुबाब त्यांच्या मालात पट्टी नसते यावर उभा होता. धाग्याची तार तुटली तर इलाज नाही, पण गाणं ऐकायची लहर आली म्हणून लूम थांबवणं त्यांना कधीच पटलं नसतं.

कापडाच्या पुऱ्या लांबीच्या एका तुकड्याला ताका म्हणतात. ताका बिनपट्टीचा उतरला की बाबा खूश. शेडमध्ये बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही, त्यामुळे तिथे सगळं हातांनी चालतं. पाण्याची खूण वेगळी, चहाची वेगळी, मुकादम आला त्याची वेगळी. ताका उतरल्याची बाबांची खूण म्हणजे दोन्ही हात उंच वर न्यायचे आणि तळवे फाडकन मांड्यांवर आपटायचे. पार पलीकडच्या लूमवरचा माणूसही तीच खूण परत करायचा. लहानपणी मला तो नाच वाटायचा आणि मीही दारात उभी राहून मांड्या बडवायचे.

तर ती रेकॉर्ड. गाणारी एकच बाई, आणि दोन्ही बाजूंना मिळून तिनं गायलेला एकच दिवस. पहिल्या बाजूला पहाट, अंगण, विहीर, शेतावरची न्याहारी. दुसऱ्या बाजूला दुपार कलल्यापासून दिवा मालवेपर्यंत. कव्हरच्या पाठीमागे गाणी क्रमानं छापलेली आहेत, आणि ती क्रमानंच ऐकायची आहेत हे माझ्यासारख्या अडाणी कानालाही कळतं. विहिरीचं गाणं पहाटेच्या आधी लावलं तर काहीतरी उलटं घातल्यासारखं वाटतं. बाबांना ती म्हणूनच आवडली होती. दुकानात त्यांनी पहिली बाजू उभ्यानं ऐकली, दुसरी घरी जाऊन निवांत ऐकू म्हणाले, आणि रेकॉर्ड घेऊन ते आमच्या या घरात आले. निवांत!

पहिली बाजू आम्ही तुकड्यातुकड्यानं जोडून जोडून ओळखीची करून घेतली. दुसऱ्या बाजूला मात्र दोन जागा अशा होत्या की तिथे सुईनं कधी दयामाया दाखवली नाही. एक म्हणजे दुसऱ्या गाण्यात. तिथे ढोलकीची एक सणसणीत थाप आहे. ती थाप आणि खालून लूमचा दणका एक झाला की सुई टुणकन उडायची आणि एक अख्खं कडवं ओलांडून पुढे पडायची. दरवेळी तिथेच. दुसरी जागा म्हणजे शेवटचं गाणं. ते फार हळू आहे. तंबोरा सुरू व्हायचा, बाई पहिला सूर लावायची, आणि सुई घसरत घसरत थेट मधल्या कागदावर. शेवटच्या गाण्याचा तेवढा एक सूर आम्हाला माहीत होता. बाकी दिवा कसा मालवला ते कळलंच नाही.

दुसऱ्या गाण्याची तर आमच्याकडे वेगळीच आवृत्ती तयार झाली. पहिल्या कडव्यात एक मुलगी घागर घेऊन नदीवर जाते. पुढच्या कडव्यात ती घरी बसलीय, घागर फुटलेली आहे आणि ही हसतेय. मधलं काही नाही. आम्हाला मधलं काही आहे हेच माहीत नव्हतं. आईनं ते गाणं तसंच उचललं आणि हळदीच्या मांडवांतून गायलं. तिच्याकडून गल्लीतल्या बायकांनी उचललं. राहनाळला दिलेल्या माझ्या आत्यानं ते तिकडे नेलं. घागर कुणी फोडली यावर आमच्या घरात वाद चालायचे. आई म्हणायची, सासूनं. मी म्हणायचे, कुणा टारगट पोरानं दगड मारून.

शाळेच्या स्पर्धेत मी तेच गाणं म्हटलं. पेटीवरच्या बाई मधल्या कडव्याला वळल्या आणि मी सरळ फुटक्या घागरीवर. बाई थांबल्या. म्हणाल्या, "अगं, मधलं कडवं खाल्लंस." मी म्हटलं, "मधलं कडवं न्हायच हाय." त्या म्हणाल्या, रेडिओवर ऐक. मी म्हटलं, आमच्याकडे रेकॉर्ड हाय, रेडिओ काय सांगता! भर सभागृहात मी त्यांच्याशी भांडले. बक्षीस राहिलं बाजूला, घरी चिठ्ठी आली. बाबांनी ती वाचून घेतली आणि म्हणाले, "पोरगी खरी बोलतं. रेकॉर्डवर न्हाय." आमचा रेकॉर्डवर तेवढा विश्वास होता.

पुढे वर्षं गेली. माझं लग्न झालं, नवऱ्याशी पटलं नाही, मुलीला घेऊन मी याच घरात परत आले. बाबांचे हातपाय थकले तेव्हा त्यांनी शेड भाड्यानं दिली. घेणारा भाई उत्तरेकडून आलेला, तरुणपणी बाबांच्याच हाताखाली लूम चालवायला शिकलेला. त्याचे लूम आता सातही दिवस चालतात, शुक्रवार वगैरे काही उरलेला नाही. फरशी थरथरायची ती थरथरतेच. प्लेअर माळ्यावर गेला आणि रेकॉर्ड कपाटात.

मागच्या वर्षी बाबांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. लूमवाल्यांचे कान जातातच, त्यात कुणाला नवल वाटत नाही. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, उजवा कान संपलाय. डाव्यात थोडं ऐकू येतंय, पण तेही उतरणीला लागलंय. किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. बाजूला घेऊन सांगायची काही गरज नव्हती, कारण बाबा ओठांवरून सगळं वाचतात. शेडमध्ये आयुष्य काढलेल्या माणसापुढे कुजबुजून उपयोग नसतो.

रिक्षात बाबा बाहेर बघत म्हणाले, "ती रेकॉर्ड एकदा पुरी ऐकाची व्हती."

मला रिक्षात रडू आलं, आणि रडू आल्याचा संतापही आला. एवढंसं मागणं आणि तेही आम्हाला जमू नये? मी त्याच क्षणी ठरवलं, ही रेकॉर्ड बाबांना ऐकवायची. दोन्ही बाजू, शेवटच्या सुरापर्यंत, कान उरलाय तोवर.

प्लेअर माळ्यावरून काढला. जुना, पेटीसारखा, त्याच्या झाकणातच स्पीकर आहे आणि झाकण वायरसकट सुटं करता येतं. पट्टा नवा घातला. सुई फोनवरून मागवली. ती कुठून कुठून फिरून दापोड्याच्या त्याच गोदामात येऊन पडली जिथे मी पार्सलं रवाना करण्याचं काम बघते. माझं नाव माझ्या हातात. पण नियम म्हणजे नियम, ती तिथून भिवंडीच्या ऑफिसात गेली आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच दारात आली. पार्सल आणणाऱ्या पोऱ्याला मी काही बोलले नाही, पण चेहरा बोलला असावा.

नवी सुई लावली, रेकॉर्ड ठेवली. पहिल्याच गाण्यात उडाली. थापेची वाटसुद्धा पाहिली नाही तिनं.

आवाज ऐकून भाई शेडमधून आला. त्याला सगळं सांगितलं. तो बाबांच्या कानाशी वाकून ओरडला, "चाचा, आधे-पौने घंटे की तो बात है. पूरा शेड बंद करवा देता हूँ, आप आराम से सुनो."

बाबांनी मान हलवली. "माल चढा है ना? पट्टी आयेगा."

"आने दो चाचा, एक बार."

"नाय," बाबा म्हणाले. "मैने मेरे लिए बंद नहीं किया, तेरे को कायको बंद करने दूँ?"

मी डोक्याला हात लावला. माणसाचा कान चाललाय आणि याला दुसऱ्याच्या कापडाची काळजी! मी तसं म्हणालेही, जरा जोरातच. आई चुलीपाशी उभी होती, म्हणजे आता गॅस आहे पण आम्ही अजून चूलच म्हणतो. ती म्हणाली, "वरडू नको. लूम चालू ठेवून ऐकवाची. तसंच करू." जसं काही कोळंबी सोलायची आहे.

तेव्हा माझी मुलगी बाळंतपणाला आली होती. आमच्या गल्लीत तान्हं मूल खाटेवर निजवत नाहीत, खाली तर नाहीच. ते दचकून दचकून उठतं. त्याला झोळीत घालतात. तुळईला कडी असते, तिला जुनं लुगडं बांधायचं आणि त्यात मूल. पायाखाली फरशी थरथरत असली तरी झोळीतलं पोर गाढ झोपतं. इथल्या प्रत्येक घरात हे इतकं ठरलेलं आहे की त्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. त्या दुपारी मी पुन्हा एकदा सुई उडवून बसले होते, आणि माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर माझा नातू तोंड उघडं टाकून घोरत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, मग प्लेअरकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं, तर ती आधीच माझ्याकडे बघत होती.

"घाल झोलीत," आई म्हणाली.

पहिला प्रयोग फसला. दुसऱ्या कडीला लुगडं बांधून त्यात प्लेअर ठेवला, तर तो पोटात वाकून बसला आणि हळूहळू गोल फिरायला लागला. सुई तिरकी होऊन सर्रकन आत गेली. रेकॉर्डवर ओरखडा आला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं. सुदैवानं ती नुसती घसरली होती.

मग जेवायचा पाट घेतला, चार कोपऱ्यांना चार दोऱ्या बांधल्या आणि सपाट टांगला. हे बरं झालं. पण दणका दोरीतून उतरून यायचा, कारण तुळई त्याच भिंतीत घुसलेली. पाट हातानं धरला की बारीक बारीक उड्या मारताना कळायचा. आईनं त्याच्यावर तळवा ठेवून पाहिलं. म्हणाली, "पोर हलकं असलं का झोली उरते. जर पोर निसतं पडून ऱ्हातं. जर कर याला." आमच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो; याला जड कर, असं ती म्हणत होती. आणि स्वयंपाकघरात जाऊन ती तिचा पाटा उचलून घेऊन आली. मसाला वाटायचा, काळ्या दगडाचा, माझ्या आजीच्या वेळचा. मला तो एकटीला उचलवत नाही. तिनं तो आणलाच. आता पाटावर पाटा, पाट्यावर प्लेअर.

दोऱ्या कचकचल्या. आता त्यांना जरा ताण खाणारं काहीतरी हवं होतं. ते मला सुचलं, याचा मला अजून अभिमान आहे. दापोड्याच्या रस्त्यावर कंटेनरची टायरं दुरुस्त करणारा एक जण आहे. त्याच्याकडून फुटलेली ट्यूब आणली, तिच्या रुंद पट्ट्या कापल्या आणि कडी आणि दोरी यांच्या मध्ये बांधल्या. आईचा पाटा हातभर खाली आला, दोन-चार वेळा वरखाली डुलला आणि थांबला. मी तांब्याभर पाणी आणून पाट्यावर ठेवलं. शेजारी टेबलावरच्या पेल्यातलं पाणी नेहमीसारखं शहारत होतं. पाट्यावरच्या तांब्यातलं पाणी हललं नाही. आम्ही दोघी मायलेकी तोंडाला पदर लावून हसत सुटलो.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बैठक ठरली. बाबा आरामखुर्चीत. कानाचं मशीन त्यांनी काढून ठेवलं. ते लावलं की माणसं कमी आणि लूम जास्त ऐकू येतात अशी त्यांची तक्रार आहे. झाकणातला स्पीकर त्यांच्या मांडीवर दिला आणि त्यांनी डावा कान त्याच्यावर टेकला, लेकरू घ्यावं तसा तो पोटाशी धरून. भाई हात पुसत शेडकडच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या मागे शेड पुऱ्या जोरात चालू. एकही लूम बंद नाही, हे त्यानं मला बोटानं खुणावून सांगितलं.

मी सुई ठेवली.

पहाटेचं गाणं सुरू झालं आणि संपलं. अंगणाचं सुरू झालं. आम्ही सगळे माना ताठ धरून बसलो होतो, जसं काही आमच्या हलण्यानंच बिघडणार होतं. विहीर. न्याहारी. पहिली बाजू आयुष्यात पहिल्यांदा सलग वाजून संपली आणि तेव्हा मला कळलं की दोन गाण्यांच्या मधली शांतताही त्या बाईनं मोजून ठेवलेली आहे. विहिरीनंतर ती जास्त वेळ गप्प राहते. उन्हातून चालत शेतावर जायला तेवढा वेळ लागणारच.

बाजू बाबांनी स्वतः उलटली. पाट्याला धक्का न लावता, कापडाचा काठ धरावा तशी रेकॉर्ड दोन तळव्यांत धरून.

दुसऱ्या गाण्याला आई पुढे सरकून बसली. तिचं गाणं ते. ती बाईबरोबर गुणगुणायला लागली, तिच्याबरोबर मी, माझ्याबरोबर माझी मुलगी. थाप आली. आम्ही तिघी सवयीनं फुटक्या घागरीवर गेलो, आणि रेकॉर्ड आमच्याबरोबर आलीच नाही. ती शांतपणे नदीवरच थांबली होती. आम्ही तिघी एकदम गप झालो. आणि मग ते कडवं आलं, जे माझ्या शाळेतल्या बाईंना माहीत होतं आणि आम्हाला नव्हतं. घागर सासूनं फोडली नव्हती. पोरानंही नाही. त्या मुलीनं ती स्वतःच दगडावर आपटली होती, पुन्हा पाण्याला यायला मिळावं म्हणून.

आईनं कपाळावर हात मारून घेतला. "अगो बाय! आनि मी सासूला बोल लावत ऱ्हायले!" ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. किती मांडवांत तिनं त्या सासूला बदनाम केलं होतं! बाबांना तिचं बोलणं ऐकू आलं नाही, पण गाणं आलं होतं. ते स्पीकरवरून मान न उचलता आईकडे बघून म्हणाले, "तिनंच फोरली."

त्यांना ऐकू येत होतं. मला ओरडावंसं वाटलं.

पण मोठा डोंगर पुढे होता. शेवटचं गाणं. ढोलकी, टाळ, बासरी सगळं संपून नुसता तंबोरा आणि नुसती बाई. चांगल्या कानाच्या माणसानंही कान द्यावा इतकं हळू. लूम ठणठणत होते, आणि त्या ठणठणाटातून ते बाबांच्या उरल्यासुरल्या कानापर्यंत पोचायचं होतं. तंबोरा सुरू झाला. बाईनं तो पहिला सूर लावला, आमच्या ओळखीचा, जिथून सुई नेहमी घसरायची. सुई घसरली नाही. बाई दुसऱ्या सुरावर गेली. आमच्या घरात तो सूर पहिल्यांदाच वाजत होता.

आणि नेमका तेव्हा झोळीत नातू रडायला लागला.

माझी मुलगी जागच्या जागी गोठली. उठावं तर पावलांचा दणका, न उठावं तर पोर टाहो फोडणार. मीही तिला हातानं थांब म्हणून खुणावलं. आमच्या हाडांत भिनलेलं आहे ते: रेकॉर्ड चालू असताना या घरात कुणी चालत नाही. आई मात्र उठली. सरळ, नेहमीच्या तिच्या जड चालीनं, धप धप करत ती अख्खी खोली ओलांडून गेली, पोराला झोळीतून उचललं, खांद्यावर टाकलं आणि तशीच धप धप करत परत आली. पाटा तसूभर हलला नाही. बाई गातच होती. आईनं माझ्याकडे अशा काही तोऱ्यानं पाहिलं की काय सांगू. पोर तिच्या खांद्यावर गप झालं.

मी बाबांकडे बघत बसले. त्यांचे डोळे मिटलेले होते. ऐकतायत की नुसतेच बसलेत, कळत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती. मग माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. स्पीकरच्या कडेवर त्यांचं एक बोट हलत होतं. लूमच्या ठेक्यावर नाही. लूम भलत्याच घाईत होते. बोट सावकाश उठत होतं, सावकाश पडत होतं, अगदी बाईच्या चालीनं. ती जिथे लांबवायची तिथे ते हवेत थांबायचं. ती उतरली की उतरायचं. मी त्या बोटाकडे बघत राहिले. गाण्यात तिनं एकेक काम आवरलं, कडी घातली, वात खाली केली. शेवटचा सूर तिनं असा सोडला की तो नेमका कधी संपला ते माझ्या धडधाकट कानांनाही कळलं नाही. मला ते कळलं बाबांच्या बोटावरून. ते एकदा उठलं, बराच वेळ तरंगत राहिलं आणि हलकेच टेकलं. मग नाही उठलं.

सुई आतल्या रिकाम्या रेषेत जाऊन फिरायला लागली. टक. टक. टक. पहिल्या बाजूच्या शेवटी आम्ही सुई नेहमी लगेच उचलायचो, त्यामुळे हा आवाज या घरानं कधी ऐकला नव्हता. रेकॉर्ड पुरी झाली की असा आवाज येतो, हेही आम्हाला माहीत नव्हतं.

बाबांनी डोळे उघडले. स्पीकर मांडीवरून काढून खाली ठेवला, खुर्चीत ताठ बसले, दोन्ही हात डोक्याच्या वर उंच नेले आणि फाडकन मांड्यांवर आपटले.

दारात उभ्या असलेल्या भाईनं हात वर केले आणि तीच खूण परत केली. त्याच्या मागे शेडमधल्या लांबच्या लूमवरच्या एका कारागिरानं ती पाहिली. आत काय चाललंय हे त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं, पण ताका उतरला एवढं त्याला कळलं, आणि त्यानंही हात उंचावून मांड्यांवर मारले.

मग मी उठले, शाळेच्या सभागृहात भांडले होते त्याच तोऱ्यात दणादण पावलं टाकत पाट्यापाशी गेले आणि सुई उचलली.